गहू सोडल्यावर पोट बिघडलं, तर ते ‘विष’ नव्हे

सांगलीत आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘गहू बंद केल्यावर पहिले काही दिवस गॅस, जुलाब झाले तर घाबरू नका, शरीरातलं विष बाहेर पडतंय. ज्वारीतही ग्लूटेन असतं, तीही सोडा.’

दोन्ही चूक. ग्लूटेन म्हणजे पिठाला चिकटपणा देणारं प्रथिन. ते गहू, जव आणि राय (rye) या धान्यांत असतं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत नसतं. भाकरी खुशाल खा.

विष वगैरे काही बाहेर पडत नाही. चपाती सोडून नुसता भात आणि साबुदाणा खाल्ला की चोथा कमी पडतो, मग पोट साफ होत नाही. उलट एकदम भाकरी, कडधान्यं वाढवली की गॅस धरतो. हळूहळू वाढवा, पाणी भरपूर प्या. सिलिॲक, म्हणजे ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार, असेल तर आतड्याचं अस्तर दुखावलेलं असतं, म्हणून काही काळ दूध पचत नाही. अस्तर भरून येईल तसं बहुतेकांना पुन्हा चालतं.

आणि चोरून येणारा गहू! गिरणीत आधी गहू दळला असेल, तर त्याच जात्यातून ज्वारीच्या पिठात उतरतो. हिंगाच्या डबीवरचे घटक वाचा, बऱ्याचदा त्यात गव्हाचं पीठ असतं. म्हणजे आपलं भडंगसुद्धा तपासायला आलं, काय करणार.

सिलिॲकची शंका असेल तर रक्ततपासणीआधी गहू सोडू नका, रिपोर्ट खोटाच नॉर्मल येऊ शकतो. जुलाब थांबेनात, वजन उतरू लागलं किंवा रक्त दिसलं, तर ग्रुपवर विचारत बसू नका, डॉक्टरकडे जा.