मालकाचं उत्तर: ‘क्लेम नाही, तरी प्रीमियम एवढा कसा?’

नमस्कार भाऊ,

आमच्या विमा एजन्सीबद्दलचा तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. घरच्या आरोग्य विम्याला गेल्या वर्षी ३४,२२० रुपये भरले आणि यंदा ४१,७६० ची नोटीस आली, असं तुम्ही लिहिलंय. तीन वर्षांत एक रुपयाचा क्लेम नाही. बाबांना ६१ पूर्ण झालं म्हणून वाढलं म्हणतात, पण पॉलिसी देताना हे कोणी बोललं नव्हतं. नवतप्याच्या उन्हात दोनदा चक्कर मारली तर शटर खाली, आणि फोन केला तर उत्तर मिळालं, "सिस्टिममध्ये तेवढंच दाखवतंय." शेवटी, "फसवणूक आहे, पॉलिसी बंद करतोय."

हिशेब समजावायला लागेल तेवढंच इथे बोलते. फाइलमधलं बाकी काही चारचौघांत मांडणार नाही.

शटरचं आधी. उन्हाळ्यात आम्ही दुपारी एक ते चार बंद ठेवतो. दारावर पाटी होती, पण ऑनलाइन वेळ दहा ते सात अशीच दिसत होती. ती आज दुरुस्त केली. आणि "सिस्टिममध्ये तेवढंच दाखवतंय" हे काही उत्तर नव्हे. तो फोन माझ्याकडे यायला हवा होता.

आता फसवणुकीचं. तीन वर्षांपूर्वी तुम्ही आमच्या प्रतापनगरच्या ऑफिसात समोर बसला होता आणि मी टेबलावर कंपनीचं दरपत्रक उघडलं होतं. डावीकडे वयाचे टप्पे, वरच्या बाजूला सम इन्शुअर्ड, म्हणजे विम्याची रक्कम. मी ५६ ते ६० च्या ओळीखाली पट्टी धरली, पाच लाखांच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि तो आकडा वाचून दाखवला. पट्टीच्या लगेच खाली ६१ ते ६५ ची ओळ होती, त्याच कागदावर. ती मी वाचली नाही. लपवायची होती असं नाही, त्या दिवशी किती भरायचे ते सांगितलं की काम झालं, असं मी धरून चालले होते. बाबा तेव्हा ५८ चे. तिसऱ्या रिन्युअलला टप्पा बदलणार, हे मला बोटांवर मोजता आलं असतं. मी सांगायला हवं होतं. त्याबद्दल मनापासून माफी मागते.

आणखी एक गोष्ट तुमच्या हिशेबातून सुटली आहे. ती माझ्या सोयीची नाही, तरी सांगते. गेल्या वर्षीच्या ३४,२२० मध्ये मूळ प्रीमियम २९,००० होता आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,२२०. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. यंदाचे ४१,७६० हे सगळेच्या सगळे मूळ प्रीमियमचे आहेत. म्हणजे वाढ ७,५४० ची दिसते, पण खरी वाढ १२,७६० ची आहे, ४४ टक्के. कर माफ झाल्यानं तुमचे जे पैसे वाचायला हवे होते, ते या वाढीत गेले. तुमचा राग रास्त आहे.

एवढं वाढायचं कारण असं. तुमची पॉलिसी फ्लोटर, म्हणजे अख्ख्या घराला मिळून एकच कव्हर. त्यात अख्ख्या घराचा प्रीमियम घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. तुम्ही, वहिनी आणि मुलगी तिघंही बाबांच्या ओळीत बसलात. रिन्युअलच्या तारखेला पूर्ण झालेली वर्षं धरतात, त्यामुळे वाढदिवस आधी येऊन गेला की नवा टप्पा लागतो. तुमचं वय छत्तीस असून त्यानं काही फरक पडला नाही.

क्लेम न करण्याचं म्हणाल, तर ते प्रीमियममध्ये दिसत नाही. तुमच्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर ‘क्युम्युलेटिव्ह बोनस’ असा रकाना आहे. क्लेम नसल्याचा फायदा तिथे, वाढलेल्या कव्हरच्या रूपात मिळतो. उलटही तसंच आहे. ज्याचं बायपास झालंय, त्याला त्या क्लेमपायी रिन्युअल नाकारता येत नाही आणि त्याच्या एकट्याच्या प्रीमियमवर लोडिंग, म्हणजे जादा आकारही लावता येत नाही. आज हा नियम तुम्हाला टोचतोय हे कळतं, पण उद्या बाबांसाठी तोच हवा असेल.

म्हणूनच हात जोडून सांगते, पॉलिसी बंद करू नका. निदान याच वर्षी तर नकोच. आधीपासूनच्या आजारांचा वेटिंग पिरियड (ज्या काळात त्या आजारांचा खर्च मिळत नाही) जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो आणि तुमची तीन वर्षं याच रिन्युअलला पूर्ण होतायत. पाच वर्षं सलग झाली की कंपनीला फसवणूक सिद्ध केल्याशिवाय जुन्या आजाराची माहिती दिली नव्हती म्हणून क्लेम नाकारता येत नाही. त्यातलीही तीन झाली. आता सोडलंत तर दोन्ही मोजण्या पहिल्यापासून. धंतोलीत एका हॉस्पिटलच्या बिलिंगच्या खिडकीपाशी मी एका घरच्या लोकांबरोबर उभी राहिले आहे. हप्ता वाढला म्हणून त्यांनी सहा वर्षं जुनी पॉलिसी सोडली आणि आठ महिन्यांनी नवी घेतली. शुगर जुनीच होती, वेटिंग मात्र नवं. मुलगा जुन्या पॉलिसीचा कागद पुन्हा पुन्हा खिडकीतून आत सरकवत होता आणि आतली मुलगी तो तितक्याच वेळा परत देत होती.

तारीख उलटून गेलीच, तर ३० दिवसांचा ग्रेस पिरियड आहे. त्यात पैसे भरले तर जुनी वर्षं टिकतात. पण मधल्या दिवसांत दवाखाना लागला तर तो खर्च मिळत नाही. त्या भरवशावर राहू नका.

जुनी वर्षं टिकवून दुसऱ्या कंपनीत जायचं, म्हणजे पोर्ट करायचं, तर रिन्युअलच्या ४५ दिवस आधी अर्ज टाकावा लागतो. आमचा मेसेज तुम्हाला बारा दिवस आधी गेला. म्हणजे तुमच्या हातातला पर्याय आमच्या उशिरानं गेला. ही दुसरी चूक, आणि ही जास्त लागणारी आहे. यापुढे ज्या घरात टप्पा बदलणार आहे, तिथे ७५ दिवस आधी मी स्वतः फोन करणार.

आज करता येण्यासारखं मी काल रात्रीच काढून ठेवलंय. त्याच कंपनीत बाबांची पॉलिसी वेगळी आणि तुम्हा तिघांचा फ्लोटर वेगळा. बाबांचे २४,३०० आणि तुमचे १४,१५०, एकूण ३८,४५०. वाचतात ३,३१० च, फार नाहीत. पण पाच लाख चौघांत वाटले जाण्याऐवजी पाच बाबांना आणि पाच तुम्हा तिघांना मिळतात, आणि बाबा ६६ चे झाले की फक्त त्यांचाच हप्ता चढेल. आधीची तीन वर्षं दोन्ही पॉलिसींत धरली जातील, हे कंपनीकडून लेखी आल्याशिवाय मी तुमच्याकडून पैसे घेणार नाही. जुन्या कर-पद्धतीत रिटर्न भरत असाल तर आरोग्य विम्याच्या वजावटीत स्वतःच्या घराचे २५,००० आणि साठीवरच्या आईवडिलांचे ५०,००० अशी वेगळी मर्यादा आहे, त्यासाठीही दोन पावत्या सोप्या पडतात. खरं तर हे असंच पहिल्या दिवशी करून द्यायला हवं होतं.

आयआरडीएआय या विमा नियामकानं ३० जानेवारी २०२५ ला कंपन्यांना सांगितलंय की साठीवरच्या ग्राहकांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर आधी नियामकाशी सल्लामसलत करा. टप्पा बदलल्यानं होणारी वाढ दरपत्रकातच असते, ती यात येत नाही, असं कंपन्या म्हणतात. तुमच्या ४४ टक्क्यांत टप्प्याचे किती आणि दरवाढीचे किती, हे मी आज सकाळी ईमेलनं विचारलंय. उत्तराची प्रत तुम्हाला देईन. दरवाढीचा भाग दहाच्या वर निघाला तर कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या पोर्टलवर तक्रार टाकू, आणि तिथे दाद नाही लागली तर विमा लोकपालांकडे. तिथे फी लागत नाही. कागद मी तयार करून देईन.

रिव्ह्यूतले तारे बदला असं मी म्हणणार नाही.

शनिवारी संध्याकाळी सहानंतर मी ऑफिसातच आहे. उन्हाचं यायचं नसेल तर सांगा, मीच घरी येते. बाबाही असतील तर बरं, त्यांच्या पॉलिसीबद्दल त्यांच्याशीच बोललेलं चांगलं. गेल्या वर्षीची पावती आणि यंदाची नोटीस तेवढी काढून ठेवा. दरपत्रक मी घेऊन येते.