कार्यशाळांना दोनच ओळी?

लोकसंगीत महोत्सवावरच्या या लेखात कलाकारांची ओळख छान करून दिलीय, पण कार्यशाळा दोन ओळींत उरकल्या. माझ्या मते खरी मजा तिथेच असते. मंचावरचा पाच तारांचा बॅन्जो (गिटारसारखं छेडायचं अमेरिकी लोकवाद्य) लांबून नुसता गोड वाटतो. जवळ बसल्यावर दिसतं की पाचवी तार आखूड आहे, तिची खुंटी दांडीच्या मध्येच आहे आणि अंगठ्याने छेडलेला तिचा एकच सूर मागे सतत गुणगुणतोय. फिडल म्हणजे व्हायोलिनच, फरक वाजवण्याच्या ढंगाचा, हेही अनेकांना तिथेच उमगतं! आयोजकांना एकच सांगणं, नोटेशनचे, म्हणजे सूर लिहिलेले कागद वाटू नका, ही गाणी कानाने उचलायची असतात. आणि हो, चामड्याचा डफ दमट हवेत सैल पडतो, तेव्हा तालवाद्यांची कार्यशाळा उघड्यावर नको.