मक्यात माशाचं जीन? तो मेसेज चुकीचा आहे

गेले काही दिवस एक मेसेज सारखा फिरतोय. मका उष्ण प्रदेशातलं पीक आहे, त्याच्यात थंडी सोसायची ताकदच नाही, म्हणून थंडीत उगवणाऱ्या वाणात माशाचं जीन घालतात, वाण थंडीचं आहे का ते उगवणीवरून कळतं, आणि आता पृथ्वीच तापतेय तर असलं वाण हवंच कशाला, असं त्यात लिहिलंय. मका उष्ण प्रदेशातला हे सोडलं तर यातलं काहीच पटण्यासारखं नाही.

मका मूळचा मेक्सिकोच्या नैऋत्य भागातला, साधारण ९,००० वर्षांपूर्वी टिओसिंटे नावाच्या रानगवतापासून माणसानं घडवलेला. पण तो काही तिथेच राहिला नाही ना! उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी पिढ्यानपिढ्या लवकर पिकणारी, थंडीत तगणारी कणसं बियाण्याला ठेवत ठेवत तो पार आजच्या कॅनडापर्यंत नेला. कडक दाण्याचं, बहुतेक आठच ओळींचं लांब कणीस, त्याला नॉर्दर्न फ्लिंट म्हणतात. हा फ्लिंट पुढे युरोपात रुजला आणि फ्रान्समधल्या लाकोनच्या स्थानिक मक्यातून एफ-२ आणि एफ-७ या लाइन्स, म्हणजे संकरासाठी वापरायचे शुद्ध वाण, निघाल्या, मग असा फ्लिंट आणि जास्त पिकणारा अमेरिकन डेंट (दाण्याच्या डोक्यावर खळगा असलेला मका) यांचा संकर करून १९५० च्या दशकाच्या शेवटी जे हायब्रिड आले त्यांच्यामुळे मका उत्तर युरोपात सरकला. म्हणजे थंडीचे गुण मक्याच्या घरातलेच आहेत, बाहेरून आणावे लागले नाहीत.

आता मासा. ही गोष्ट टोमॅटोची आहे, १९९० च्या सुरुवातीला तसा प्रयोग झाला होता आणि तो टोमॅटो कधी बाजारात आलाच नाही. शिवाय माशाच्या त्या जीनमुळे बनणारं प्रोटीन बर्फाचे कण वाढू देत नाही, एवढंच त्याचं काम, आणि मक्याचं रोप तर ५ ते १२ अंशातच आजारी पडतं, जिथे बर्फाचा पत्ताच नसतो. पेरल्यावर पहिले एक-दोन दिवस दाणा पाणी पितो, ते पाणी गार असलं तर पेशींची पातळ आवरणं फाटतात, आतली साखर बाहेर झिरपते आणि त्यावर बुरशी येते. त्यातून वाचलं तरी १५ अंशाच्या खाली नव्या पानात हरितद्रव्य नीट तयार होत नाही, ऊन पडतं पण एन्झाइम संथ असतात, न वापरलेला प्रकाश पानालाच इजा करतो. गारठलेल्या मुळांना फॉस्फरस उचलता येत नाही म्हणून पानं जांभळी होतात ते वेगळंच. एवढं सगळं एका जीननं सुटेल कसं? यात छोटा छोटा वाटा असलेली कितीतरी जीन्स आहेत, म्हणून तर ब्रीडरला, म्हणजे नवं वाण तयार करणाऱ्याला, वर्षानुवर्षं लागतात.

उगवणीचंही तसंच. कोल्ड टेस्ट, म्हणजे बी थंडीत कसं उगवतं ते पाहायची चाचणी, त्यात बी ओल्या कागदाच्या गुंडाळीत साधारण १० अंशावर आठवडाभर ठेवतात आणि मग २५ अंशावर आणतात. कागदाची गुंडाळी उलगडली की फरक समोर दिसतो, एका वाणाचा कोंब सरळ आणि पांढराशुभ्र, तर दुसऱ्याचा स्क्रूसारखा पिळवटलेला, असा कोंब शेतात मातीच्या आतच पान उघडतो आणि वर येतच नाही. पण या टेस्टमध्ये पास झालेलं वाणसुद्धा पुढे गार सकाळी, लख्ख उन्हात पिवळं पडू शकतं, कारण उगवण आणि पानाचं काम हे दोन वेगळे गुण आहेत, दोन्ही वेगवेगळे तपासावेच लागतात.

राहिलं तापमान. सरासरी वाढली की लोक पेरणी अलीकडे आणतात, म्हणजे तुरा उन्हाळ्याच्या ऐन तडाख्याआधी पडतो आणि पिकाला मोठा हंगाम मिळतो. पण आधी पेरलं की रोप थंडीच्या आणखी जवळ जातं, आठवडाभर ऊब आणि मग अचानक गारठा, हे तेव्हाच होतं. आणि त्या दिवसांत ते रोप जेमतेम दोन-तीन पानांचं असतं.