१५ दिवसात पेमेंट म्हणे

महात्मा फुले योजनेत (आता केंद्राच्या आयुष्मानला जोडलेली) पेशंटवर फुकट उपचार करायचे आणि पैशासाठी योजनेकडं क्लेम टाकायचा, त्या क्लेमवर आज परत क्वेरी, म्हणजे पैसे द्यायच्या आधी त्यांची शंका. पेशंट सांगोल्याकडचा मेंढपाळ, हाताचं हाड मोडलेलं, प्लेट टाकली, टाके काढून घरी पण गेला आणि आता दोन महिन्यांनी वरून विचारतायत की ऑपरेशननंतरचा एक्सरे क्लिअर दिसत नाही, परत टाका. अहो तो माणूस मेंढरं घेऊन कुठल्या रानात आहे कुणाला माहिती, त्याला हुडकून परत एक्सरे काढू काय? प्लेटचं स्टिकर लावलंय, बिल लावलंय, बेडवरचा फोटो लावलाय, अजून काय पाहिजे बे तुम्हाला, मेंढराची सही?

आमचा २० खाटांचा दवाखाना, योजनेच्या फाईली मी एकटा बघतो. उत्तर द्यायला आम्हाला उशीर झाला की क्लेम गेला, त्यांना झाला की "प्रोसेसमध्ये आहे". आयुष्मानच्या नियमात लिहिलंय की राज्यातल्या पेशंटचा क्लेम १५ दिवसात मिटवायचा, पण क्वेरी टाकली की घड्याळच थांबतंय ना, मग टाकत बसा क्वेऱ्या. मागच्या वेळी तर आधीच अपलोड केलेला कागद परत मागितला, तोच तसाच टाकला तर चालला!

योजना वाईट नाही, आधीच सांगतो. २०१२ ला पहिल्या ८ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात आपलं सोलापूर होतं, पुढं राजीव गांधींच्या जागी महात्मा फुल्यांचं नाव आलं, कव्हर दीड लाखाचं ५ लाख झालं, गरिबाचं लई भलं झालंय, मी डोळ्यानं बघितलंय. पण एका ऑपरेशनचं पॅकेज, म्हणजे ठरलेली रक्कम, एकच, त्यात तपासण्या, औषधं, पेशंटचं जेवण, घरी जायचं तिकीट, वर सुट्टीनंतरची १० दिवसांची औषधं पण आम्हीच द्यायची. हे सगळं आज रोख जातं आणि पैसे येणार कधी तर देव जाणे, त्यात पण कापून. मोठ्या हॉस्पिटलला थांबायला जमतं हो, आमचा औषधवाला पहिलं मागचं बिल द्या म्हणतो, ऑक्सिजनवाला तर फोनच उचलत नाही. सिस्टरचा पगार १० तारखेला होतो तो आज २२ तारीख आली तरी नाही, ती काय बोलत नाही, नुसती बघते, ते जास्त लागतं.

आता तोच एक्सरे उद्या खिडकीला धरून मोबाईलवर फोटो काढतो. दुपारी तिकडनं ऊन येतंय, बघू तेव्हा तरी हाड दिसतंय का त्यांना.