‘काहीच सापडलं नाही’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार काका,

प्रकाशाच्या सममितीवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “बोस यांनी १९२४ साली मांडलेलं आजवर कुणी खोडलं नाही. मग काहीच न सापडलेल्या प्रयोगाचं एवढं कौतुक कशाला? त्यापेक्षा आपल्या इंदूरच्या कॅटमध्ये लोकांच्या कामाचं तरी काही होतं.” (कॅट म्हणजे आताचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र.) आक्षेप रोखठोक आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सत्येंद्रनाथ बोस यांच्या गणनेतून पुढे नियम ठरला तो असा: दोन फोटॉनची, म्हणजे प्रकाशकणांची, अदलाबदल केली तरी वर्णन चिन्हासकट तेच राहतं. त्यातून लांडाउ (१९४८) आणि यांग (१९५०) या भौतिकशास्त्रज्ञांनी एक बंदी काढली. समोरासमोरून येणाऱ्या, एकाच ऊर्जेच्या दोन फोटॉनचा एकूण कोनीय संवेग (फिरण्याचं माप) १ होऊच शकत नाही. तुम्ही म्हणता तो प्रयोग करणाऱ्या, अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या गटाने नेमकी हीच जागा धरली. बेरियम या धातूच्या अणूंवर दोन्ही बाजूंनी एकाच वारंवारतेचा हिरवा लेसर सोडायचा आणि शून्य कोनीय संवेगाचा अणू दोन फोटॉन गिळून एकच्या पातळीवर चढतो का, हे पाहायचं. चढलाच, तर उतरताना चमकेल. दोन फोटॉनच्या वारंवारता वेगळ्या असल्या की ही बंदी उठते, तेव्हा मात्र चमक दिसलीच पाहिजे. यंत्र आंधळं नाही ना, हे असं ताडून बघता येतं.

एकाच वारंवारतेला बंदी मोडणारी चमक सापडली नाही. त्यावरून २०१० चा निकाल सांगतो, की नियम मोडण्याची शक्यता असलीच तर ४×१०⁻¹¹ हून कमी, म्हणजे अडीच हजार कोटींत एकापेक्षाही कमी. १९९९ ची मर्यादा याच्या तीन हजार पट सैल होती. याला ‘काहीच नाही’ कसं म्हणू? नवा सिद्धांत मांडणाऱ्याला आता या आकड्याच्या आत बसावं लागतं.

आणि ‘कुणी खोडलं नाही’ म्हणाल, तर याच यांगचं बघा. १९५६ साली त्यांनी आणि ली यांनी दाखवून दिलं, की क्षीण बल (काही किरणोत्सारी ऱ्हासांमागचं बल) आरसा-सममिती पाळतं, म्हणजे आरशातल्या उलट प्रतिमेतही तसंच वागतं, हे सगळे धरून चालले होते, तपासलं कुणीच नव्हतं. चिएन-शिउंग वू यांनी किरणोत्सारी कोबाल्ट-६० घेऊन तपासलं, आणि १९५७ च्या सुरुवातीला ती मोडलेली निघाली!

राहिलं कॅट. इंदूरच्या फळभाजी मंडीजवळ वैद्यकीय साधनं किरणांनी निर्जंतुक करणारा इलेक्ट्रॉन त्वरक त्यांचाच, आणि हिंगोलीच्या लायगो-इंडियात, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपण्याच्या वेधशाळेत, भागीदारही तेच. लोकोपयोगी आणि निखळ शोधाची, ही दोन कामं तिथल्या लोकांनी एकमेकांविरुद्ध उभी केलेली नाहीत, तुम्हीही करू नका.