पाय सुजलाय म्हणून बसून राहू नका

"पाय सुजलाय ना, मग बस एका जागी." आमच्या मोठ्या आईला हे वाक्य घरातल्या प्रत्येकानं ऐकवलंय, मी पण. आज त्याचंच वाईट वाटतं म्हणून लिहितोय.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, धानाचा पट्टा. हत्तीपाय आमच्याकडे इतका सवयीचा की कोणी वळूनही बघत नाही. मोठ्या आईनं जन्मभर रोवणी केली, मग डावा पाय जड झाला आणि आम्ही प्रेमापोटीच तिला खाटेवर बसवलं, दिवसभर पाय खाली लोंबकळत, संध्याकाळी सूज अजून वाढलेली.

मग आरोग्य केंद्रातल्या एका सिस्टरनं नीट समजावलं. रक्त ढकलायला हृदय आहे, लिम्फला, म्हणजे अंगातलं जे पाणी बारीक नळ्यांतून परत रक्तात जातं त्याला, तसा पंप नाही. त्याच्या बारीक नळ्या स्वतः थोड्या आकुंचन पावतात पण पायातलं पाणी वर चढवायला पोटरीचे स्नायू हलावे लागतात, नळीवर दाब येतो आणि आतल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. हत्तीरोगाचे जंत याच नळ्यांत ६ ते ८ वर्षं राहतात आणि नळ्या, झडपा खराब करतात. म्हणजे ज्या पायाला हालचालीची जास्त गरज तोच आम्ही बांधून ठेवला होता!

आता ती सकाळ-संध्याकाळ भिंतीला धरून टाचा उचलते, हळूच खाली टेकवते. बसल्या बसल्या पंजा वर-खाली करते, घोटा गोल फिरवते. दुखेल इतकं नाही, दमेपर्यंत नाही. झोपताना पायाखाली उशी (हार्टचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाय उंच ठेवू नका). ताप-थंडी येऊन पाय लाल, गरम झाला की व्यायाम बंद, आराम आणि सरळ दवाखाना.

आणि व्यायामाइतकंच पाय धुणं. साधा साबण, साधं पाणी, मग बोटांच्या बेचक्या मऊ फडक्यानं टिपून पूर्ण कोरड्या करायच्या. तिथल्या भेगांतूनच जंतू आत शिरतात आणि ते ताप-थंडीचे झटके येतात, दर झटक्यानं पाय अजून जाड होतो. सूज गेलेली नाही तिची, जाईल असं कोणी सांगितलंही नाही. पण आधी पावसाळ्यात तीन-चारदा अंथरूण धरायची, यंदा एकदाच. आणि स्वतःच्या पायानं विहिरीपर्यंत जाते, हे मला फार मोठं वाटतं.

हत्तीरोगाच्या मोहिमेत जंतांवरच्या गोळ्या वाटतात तेव्हा लोक "मले काय झालं" म्हणून खिशात टाकतात. अरे बाप्पा, जंत अंगात असूनही वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही! गर्भवती बाई, दोन वर्षांखालचं लेकरू आणि फार आजारी माणूस सोडून बाकीच्यांनी जेवण करून गोळ्या वाटणाऱ्या ताईसमोरच गिळा. आणि गोळ्या घेऊन ती ताई दारात आलीच आहे तर घरातला सुजलेला पाय लपवू नका, तिला दाखवा, व्यायाम कसा करायचा ते विचारा. आम्ही लाजेनं पंधरा वर्षं दाखवला नव्हता.