भाचीची वज्री

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत भाचीला एका मोठ्या संग्रहालयात घेऊन गेले होते. वय वर्षं अकरा. पाऊण तासात आम्ही बाहेर. रात्री ताईनं विचारलं, "काय काय पाहिलंस?" तर तिला एकही वस्तू धड आठवेना. मला फार वाईट वाटलं. चूक पोरीची नव्हती. एवढ्या पसाऱ्यात तुला काय बघायला आवडेल, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

काही संग्रहालयांच्या बाबतीत हे काम खेळांतून करून पाहिलं गेलंय. इटलीतल्या नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयानं २०१७ मध्ये 'फादर अँड सन' नावाचा मोबाइल गेम काढला. फुकट. मायकेल नावाचा तरुण, कधीच न भेटलेल्या पुरातत्त्वज्ञ वडिलांच्या शोधात तिथं येतो आणि त्याच्याबरोबर आपण दालनांतून पार प्राचीन काळात जाऊन पोचतो. घरबसल्या खेळता येतो, पण खेळातल्या काही गोष्टी उघडतात त्या संग्रहालयात पाऊल ठेवल्यावरच. ही कल्पना मला मनापासून आवडते. आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संग्रहावरही एक प्रयोग झाला होता: घरी चित्रांना तारे द्यायचे, त्यावरून आवड ओळखून तुमच्यापुरता फेरफटका आखून मिळायचा.

मे महिन्यात मी आपलं घरगुती काहीतरी केलं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आधी काढलेले सहा फोटो ऑनलाइन कोड्यात टाकले. नावं नाहीत, फक्त प्रश्न: हे कशाला वापरत असतील? अडकित्ता तिनं ओळखला, आजोबांमुळे. वज्रीपाशी अडली. तीन उत्तरं दिली, तिन्ही चुकली. बरोबर उत्तर मी मुद्दाम सांगितलं नाही.

संग्रहालयात शिरल्या शिरल्या ती वज्री शोधत सुटली. सापडली तेव्हा काचेला नाक लावून उभी. "मावशी, पाय घासायच्या वस्तूवर एवढी नक्षी का गं?" या प्रश्नावर आम्ही अर्धा तास बोललो. तिथले जुने दिवे मग तिनं आपणहून पाहिले, एकेक करून.

केळकरांचा संग्रहच मुळी असा आहे. चष्म्याच्या दुकानातला माणूस, 'अज्ञातवासी' नावानं कविता करणारा, गावोगाव हिंडून वीस हजारांहून जास्त वस्तू जमवतो आणि लहानपणीच गेलेल्या मुलाचं नाव त्या संग्रहाला देतो. घरातल्या, हाताळलेल्या वस्तू. त्यात सुताराला दरवाजे दिसतील, गाणाऱ्याला वाद्यं, माझ्या आईला स्वयंपाकघर. प्रत्येकाला आपापल्या दारातून आत नेणारा खेळ इथं सहज होऊ शकतो.

फक्त तो मराठीत हवा, साध्या फोनवर चालणारा, दहा मिनिटांचा. मोबाइल नंबर मागू नये. मुलांची माहिती गोळा करायचं तर काहीच कारण नाही. गुणांची चढाओढही नको, नाहीतर मुलं वस्तू सोडून गुणच मोजतील. आणि दालनात शिरल्यावर फोन खिशात. याबाबत मी हट्टी आहे. खेळ घरी संपला पाहिजे, म्हणजे डोळे काचेपलीकडे जातात.

याला फार पैसा लागतो असं मला वाटत नाही. वस्तूंची जाण असलेलं एक माणूस लागतं आणि दर महिन्याला प्रश्न बदलण्याची चिकाटी.

मराठीत गेम बनवणारं कुणी हे वाचत असेल तर कॉमेंटमध्ये लिहा. प्रश्न लिहायचं काम मी करीन. भाचीनं दिव्यांवरचे चार आधीच लिहून दिलेत.